खुर्चीवरचं वर्तमानपत्र

त्या दिवशीही बाबांनी खुर्चीवर आधी वर्तमानपत्र अंथरलं आणि मगच ते बसले. कापडी पिशवीतून घडी काढली, उलगडून वेताच्या खुर्चीवर पसरली, चारी कोपरे तळव्यानं दाबले आणि हातांवर भार देत सावकाश टेकले. टेकले तेही अगदी काठावर, कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं असे. पंचशीला आतल्या दारात उभी राहून बघत होती. कॉलेजच्या ग्रंथालयातून ती नुकतीच आली होती, बोटांना अजून जुन्या बांधणीच्या पुस्तकांचा वास होता. खुर्ची तिनं सकाळीच पुसली होती. आत जाऊन तिनं माठातलं पाणी गिलासात घेतलं, खाली बशी ठेवली आणि बाबांच्या समोरच्या स्टुलावर नेऊन ठेवलं. गोदावरीत त्या उन्हाळ्यात वाळूच वाळू होती, नांदेडात नळाचा भरवसा राहिला नव्हता, आणि माठातलं पाणी तिनं घरमालकाच्या हापशावर रांगेत उभं राहून आणलेलं होतं. बाबांनी गिलासाकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. तहानलेला माणूस पाण्याकडे पाहतो तसंच ते पाहणं होतं, पण तेव्हा तिला ते तसं दिसलं नाही.

“ऱ्हाऊ दे बाई,” ते म्हणाले. “आत्ताच पिऊन आलो.”

“कुठं?”

“हितल्या कलेक्टर कचेरीत. टँकरच्या कामानं आलतो न्हवं. चार खेपा मारल्याबिगर कागद हालत न्हाई.” मग इकडंतिकडं पाहत त्यांनी विचारलं, “जावईबापू न्हाई दिसले?”

“पेपर तपासायला गेलेत.”

“हाव का,” बाबा म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले.

तिनं लातूरचं विचारलं. बाबांना लातूरचं बोलायला आवडायचं. जिल्हा वेगळा झाला तेव्हा उस्मानाबादहून बदली मागून घेणाऱ्यांत ते पहिले होते. नव्या कचेरीत टंचाई शाखेचे अव्वल कारकून. “काय असणार लातूरला?” ते हसले. “कलेक्टर हाय, कचेरी हाय, झकास पाटी हाय. वाटणीत पाणी तेवढं जुन्या जिल्ह्याकडं गेलं.” ती हसली नाही. एरवी हसली असती. बाबांच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. वर्ष-दोन वर्षांपासून ते अत्तर लावू लागले होते. ज्या माणसानं जन्मभर धुतलेल्या कपड्याच्या वासाला सुवास मानलं त्याला उतारवयात ही नवाबी कुठून सुचली, असं तिला वाटून गेलं. चहा ठेवते म्हणाली तर त्यांनी हातानंच नको केलं. थोड्या वेळानं चौकट धरून उठले. पाय जरा ओढत होते, चपलेचा घासत गेल्याचा आवाज झाला. वर्तमानपत्र मात्र विसरले नाहीत. त्याची आत दुमडत, आणखी आत दुमडत घडी केली आणि पिशवीत घातली. “येतो बाई,” म्हणाले. ती “या” म्हणाली. एवढंच.

ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाल्यावर तिनं भरलेला गिलास उचलला आणि अंगणातल्या मोरीत उपडा केला. पाणी तोंडाला लागलेलं नव्हतं, माठात परत ओतता आलं असतं. आंब्याच्या फोडींना मीठ लावत बसलेल्या घरमालकीण लक्ष्मीबाई तिथूनच ओरडल्या, “अगं माय, पाणी फेकून राहिली का तू? दिमाग ठिकाणावर हाय का?” मोरीच्या दगडावर ओल पसरली आणि बघता बघता उडून गेली. तिला वाटलं, बरं झालं.

पाण्याची गोष्ट साधी नव्हती. निदान त्यांच्या घरात नव्हती. बाबांचं लहानपण चाकूरजवळच्या एका गावात गेलं. विहिरीच्या खालच्या अंगाला ओंजळ करून बसायचं आणि कुणाला दया येईल तेव्हा वरून धार पडायची, अर्धी ओंजळीत, अर्धी कोपरावरून मातीत. हे बाबांनी तिला ती लहान असतानाच सांगितलं होतं, काही न लपवता, रडू न येता. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर बाबांनी स्वतःपुरता एक नियम केला आणि तो नोकरीभर पाळला. कुणाच्याही घरी गेलं की आधी त्या घरचं पाणी. पाणी आलं तर बसायचं. नाही आलं तर काम सांगून उभ्याउभ्या निघायचं. शाळेत असताना तिला एकदा ते तिच्या गणिताच्या मास्तरांच्या घरी घेऊन गेले होते. दोघं ओसरीवर बसले. चहा आला, चिवडा आला, पाणी आलं नाही. बाबा उठले. “चल शीलू,” म्हणाले, “तहान लागली मला, पाणी पिऊन येऊ.” रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, चिवडा का नाही खाल्ला? बाबा म्हणाले, “खायला कुणीबी देतंय. कुत्र्यालाबी देतेत. पाणी कोण देतंय ते बघायचं.” दौऱ्यावर गेले की सरपंचाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं पाणी मागायचे, गिलास कुठून येतो, आतून की गोठ्यातून, ते बघायचे, आणि रात्री जेवताना तिला नि मायला त्याची नक्कल करून दाखवायचे. माय, म्हणजे नागुबाई, पदर तोंडाला लावून हसायची. त्या घरात पाणी ही भाषा होती. पंचशीला पुस्तकांच्या आधी ती भाषा शिकली.

भीमाशंकरशी तिनं लग्न ठरवलं तेव्हाही बाबांनी एवढंच विचारलं होतं, “त्येच्या घरी पाणी पेलीस का?” भीमाशंकर उदगीरचा, लिंगायताचा, तिच्याच कॉलेजात इतिहास शिकवणारा. त्याच्या घरी ती तोवर गेलीच नव्हती. लग्न नोंदणी कचेरीत झालं. तिचे सासरे गुरुपादप्पा लग्नाला आले नाहीत. पुढं वर्षभरानं मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या कामानं नांदेडला आले तेव्हा मुलाच्या घरी डोकावले. येताना फिरकीचा तांब्या आणि खांद्यावर घोंगडी. खुर्चीवर घोंगडीची घडी टाकून तिच्यावर बसले. तिनं पुढं केलेल्या गिलासाला हात लावला नाही. स्वतःच्या तांब्याची फिरकी फिरवून वरून घटाघटा पाणी प्यायले. “वाईट वाटून घेऊ नगो पोरी,” म्हणाले, “आमचं नेमाचं आसतंय.” भीमाशंकर त्या वेळी खिडकीबाहेर बघत होता. ती मात्र डगमगली नाही, कारण पुढच्याच महिन्यात बाबा आले होते. त्याच खुर्चीवर ऐसपैस बसून ते लागोपाठ दोन गिलास पाणी प्यायले आणि गिलास स्टुलावर आपटून म्हणाले, “ग्वाड हाय पाणी तुज्या घरचं!” तिनं तो आवाज कुठंतरी जपून ठेवला होता. म्हणून, दोन वर्षांपूर्वी एका दुपारी बाबांनी “ऱ्हाऊ दे” म्हटलं तेव्हा तिला आधी ते खरं वाटलं नाही. दुसऱ्या खेपेला वाटलं. तिसऱ्या खेपेला वर्तमानपत्र आलं. घोंगडी काय आणि वर्तमानपत्र काय. एक म्हातारा तिच्या जातीमुळं तिचं पाणी नाकारत होता, दुसरा बहुधा नवऱ्याच्या जातीमुळं. निमूट संमती देऊन बाप आत कुठंतरी कडवट होत गेला असावा, आणि आता ज्या भाषेत त्यानं तिला शहाणं केलं त्याच भाषेत तो तिला सांगत होता की हे घर बसण्याजोगं राहिलं नाही. तिनं विचारलं नाही. त्यांच्या घरात हा प्रश्न विचारायचा नसतो, पाहून ओळखायचं असतं. तिनं पाहिलं होतं, ओळखलं होतं. ती दर खेपेला पाणी ठेवत राहिली आणि दर खेपेला मोरीत ओतत राहिली.

थोड्याच दिवसांनी फोन प्राचार्यांच्या खोलीत आला. शिपाई बोलवायला आला तेव्हा ती नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. लातूरहून कचेरीतलं कुणीतरी बोलत होतं, आवाज विहिरीतून यावा तसा. तुमचे वडील साहेबराव गेले. रात्री थंडी वाजून ताप भरला, सकाळी शुद्ध नव्हती, दवाखान्यात न्यायला जीप आणेपर्यंत संपलं. तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला आणि उघडा राहिलेला शाईचा पॅड बंद करायला ग्रंथालयात परत गेली. भीमाशंकरला सांगितलं तेव्हा तो मटकन बाकावर बसला. त्याचं ते बसणं तिला जरा जास्त वाटलं. लोह्यावरून, अहमदपूरवरून एस.टी. जात होती. दोन्ही बाजूंना रानं भाजलेल्या विटेसारखी, रोजगार हमीच्या खडीचे ढीग, ढिगांवर बसलेल्या बाया, एका गावाच्या वेशीशी टँकरभोवती घागरींची रांग. चाकूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा भीमाशंकर पहिल्यांदा बोलला. “थंडी वाजून आला होता ना ताप?” ती हो म्हणाली. त्यानं कपाळ समोरच्या दांडीला टेकवलं. ताप कसा आला याचं त्याला इतकं काय, असं तिच्या मनात आलं आणि गेलं. गाडी सुटली. तिच्या डोळ्यांपुढं काही केल्या बाबांचा चेहरा येईना, मोरीच्या दगडावरची उडून जाणारी ओल तेवढी येत राहिली.

क्वार्टरसमोर माणसं जमली होती. कचेरीनं एक टँकर पाठवला होता. दारात उभा असलेला तो टँकर पाहून शेजारच्या वस्तीतल्या बायका घागरी घेऊन जरा लांब थांबल्या होत्या, मयताच्या दारात कसं मागावं म्हणून. माय भिंतीला टेकून बसली होती. पंचशीला गळ्यात पडली तरी ती रडली नाही, तिची नजर मागं कुणाला तरी शोधत होती. “जावईबापू आले का?” तिनं विचारलं. मग उठून उभी राहिली आणि अंघोळीची तयारी करणाऱ्या पुतण्यांना म्हणाली, “तुम्ही समदे भाईर व्हा. जावईबापू घालतेत अंघूळ.” माणसं चपापली. दगडोबा नावाचा थोरला पुतण्या म्हणाला, “काकू, आमी घरचे मानसं अस्ताना...” माय म्हणाली, “सांगितलं तेवढं ऐक.” भीमाशंकरनं सदरा काढून खुंटीला लावला आणि आत गेला. दार लोटलं गेलं. अंगणातल्या कुजबुजीत पंचशीलाचा ऊर क्षणभर भरून आला. उदगीरच्या गुरुपादप्पाचा मुलगा तिच्या बापाला न्हाऊ घालत होता, आणि तिची अडाणी आई चार लोकांत त्याला तो मान देत होती. बाबांचं चुकलंच, तिला वाटलं. हे त्यांना बघता आलं असतं तर. तेवढ्यात आतून “पाणी” अशी हाक आली. बादली दाराशी होती. कुणी हलेना म्हणून तिनंच ती उचलली आणि दार ढकललं.

बाबा उघडे होते. बेंबीखाली चार बोटांवर पोटाला एक भोक होतं, त्यातून लालसर रबराची नळी निघाली होती, मांडीवरून खाली गेली होती. गुडघ्याच्या वर फडक्याच्या पट्टीनं बांधलेली रबरी पिशवी, तिच्यात तळाशी गढूळ, विटकरी, जेमतेम ओंजळभर काहीतरी. कमरेखाली वर्तमानपत्राच्या घड्या, ओल्या. आणि अत्तर. त्या खोलीत अत्तराचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा, जुना वास, जो लपवण्यासाठी ते अत्तर होतं. पण तिची नजर या कशावर थांबली नाही. ती थांबली भीमाशंकरच्या हातांवर. मांडीवरच्या पट्टीची गाठ तो सोडत होता. गाठ आतल्या बाजूला होती, दिसत नव्हती. त्यानं न बघता अंगठ्यानं ती नेमकी शोधली, एक पदर ओढला, दुसऱ्या हातानं पिशवी धरली, नळीला चिमटा दिला. अशी गाठ पहिल्यांदा सोडणारा माणूस आधी शोधतो, चाचपतो, चुकतो. भीमाशंकर चुकला नाही. त्यानं वर पाहिलं. “शीला, तू बाहेर जा,” तो म्हणाला. तिनं बादली खाली ठेवली. ती बाहेर गेली आणि त्या दिवशी पुन्हा त्याच्याशी बोलली नाही.

बोलणं झालं ते तिसऱ्या दिवशी, मागच्या अंगणात, सकाळी, माय आत झोपलेली असताना. “कधीपासून?” तिनं विचारलं. भीमाशंकर निंबाच्या काडीनं मातीत रेघा ओढत होता. सांगताना त्यानं मान वर केली नाही. दोन वर्षं झाली होती. बाबांना आधी सारखी घाई लागायची. मग घाईही लागेना, धोतर ओलं झालं की कळायचं. वय झालं, लघवीच्या वाटेवरची प्रोस्टेटची गाठ वाढली असेल, असं म्हणून एका खाजगी दवाखान्यात त्यांचं गाठीचं ऑपरेशन केलं. म्हणजे नको त्या जागेचं. त्यानंतर जो थोडाफार आवर होता तोही गेला. मग एकदा नांदेडला कामाला आले असताना रस्त्यात भीमाशंकर भेटला. बाबा एका बंद दुकानाच्या फळीवर बसून होते, उठत नव्हते, ऊन असून. उठता येईना असं नव्हतं. धोतर भिजलं होतं. भीमाशंकरनं स्वतःचं उपरणं त्यांच्या कमरेला गुंडाळलं आणि रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं पोटाला हातही न लावता आधी हातोडीनं गुडघे तपासले, तळपायावर किल्ली ओढली, पाठीचे मणके एकेक करून दाबले. एका मणक्याला बाबा ओरडले. आजार मूत्राशयात नव्हताच, पाठीत होता. मणक्याला क्षय लागून आत मज्जारज्जू दबत चालला होता. पाय जड पडत होते ते त्यामुळंच. औषधं सुरू झाली, पोटावरून नळी घातली, आणि पाठीचं ऑपरेशन करून दाब काढायचा असं ठरलं. उशीर झालाय पण निदान पाय वाचतील, कदाचित पाण्याचाही आवर थोडा परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. बाबा दर वेळी पुढं ढकलत. टंचाई सरू द्या, आधी पाऊस पडू द्या. पुढच्या महिन्याची तारीख मात्र त्यांनी मान्य केली होती. शेवटच्या खेपेला ते तिच्याकडे आले, तेव्हा ती तारीख घेऊनच आले होते.

“पाणी भरपूर प्या म्हणायचे डॉक्टर,” भीमाशंकर म्हणाला. “नळीत साचून राहिलं की जंतू वाढतात, मूत्रपिंडाला बाधतं, थंडी वाजून ताप भरतो. पण ते प्यायचेच नाहीत. प्यायलं की पिशवी भरायची, बाजूनं पाझरायचं. आपल्याकडचा संडास घरमालकाच्या अंगणापलीकडं, चार बायकांच्या समोरून जायचं. पिशवी रिकामी करायची कुठं?”

“मला का नाही सांगितलं?”

“शब्द घेतला होता त्यांनी.”

“तुमच्याकडून.” ती म्हणाली. “मी पाणी ओतून देत होते मोरीत, तुम्ही बघत होतात. ते माझं पाणी पीत नाहीत म्हणून मी काय काय मनात आणलं, तेही तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या आप्पांच्या बरोबरीनं त्यांना बसवलं मी. तुम्ही तेव्हाही गप्प बसलात.”

भीमाशंकरच्या हातातली काडी मोडली. “मी एकदा म्हणालो त्यांना, तिला वाईट वाटतं. तर म्हणाले, ‘वाटू द्या. रागावली तर चालंल. कीव केली तर मला त्या घरात पाय ठेवता येणार न्हाई.’”

आत माय जागी होती. ती दारात येऊन बसली, केस सुटलेले. “त्येन्ला काहून बोलून राहिलीस?” ती म्हणाली. “म्याच नको म्हणलं होतं. लेकीला काय सांगायचं माय? तुजा बाप कपड्यात मुततो म्हणून सांगायचं? तुज्या बापाचं कापड कसं असायचं, याद हाय न तुला? खळ घालून, दगडाखाली घडी दाबून. ल्हानपनी शाळेत कुणी म्हणलं होतं, ह्यांच्या अंगाला वास येतो. ते जलमभर विसरले न्हाईत. मरताना बी मला म्हणाले, नागू, वास येतो का गं?” पंचशीलाला तिच्याजवळ जावंसं वाटलं आणि पाय उचलले नाहीत. तिघांचं मिळून एक घर होतं, ती त्याच्या बाहेर उभी होती, आणि तो उंबरा तिच्या माघारी बांधला गेला होता. विहिरीची गोष्ट बाबांनी तिला सांगितली होती. मास्तरांच्या ओसरीवरून तिला हाताला धरून उठवलं होतं. माणसानं माणसाला सांगू नये अशा अपमानांचा वारसा तिला देताना त्यांना लाज वाटली नाही. दुसऱ्यांनी केलेलं ते सगळं सांगण्याजोगं होतं. स्वतःच्या शरीरानं केलेलं मात्र त्यांनी तिच्यापासून राखून ठेवलं, आणि सोपवलं कुणाला, तर ज्याच्या बापानं तिच्या गिलासाला हात लावला नव्हता त्याला. त्यांनी तिला नाकारलं नव्हतं, हे आता कळलं होतं. पण कळून हलकं वाटलं नाही. दोन वर्षं ती एका खोट्या दुःखानं कुढत होती, आणि खरं दुःख तिच्या वाट्याचं असून परस्पर वाटलं गेलं होतं.

बाबांचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम व्हायच्या आधी, मधल्या दिवसांत ती नांदेडला जाऊन आली. मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात तिच्या ओळखीची बाई होती. तिच्याकडून एक जाडजूड पुस्तक घेऊन ती कोपऱ्यात बसली. इंग्रजी कठीण होतं, पण चित्रं समजत होती. पाठीच्या कण्यातून खाली जाणारा मऊ दोर. मूत्राशय भरलं की त्याची बातमी या दोरातून वर जाते, वरून हुकूम येतो, थांब किंवा सोड. मध्येच दोर चेपला की बातमी वर पोचत नाही. मूत्राशय आपलं आपण भरतं, आपलं आपण सांडतं, आणि मालकाला शेवटी कळतं, तेही कापड ओलं झाल्यावर. गाठ कापणाऱ्या डॉक्टरची चूक काय झाली तेही त्यात होतं. जिथं पाणी सांडलं तिथंच त्यानं भोक शोधलं. तिनं पुस्तक मिटलं. तिला तो दोर चित्रातल्यासारखा पांढरा, ओलसर डोळ्यांपुढं दिसत राहिला. तिला वाटलं, घरातही कुणीतरी असाच अंगठा दाबून धरला होता. बातमी भरत होती, सांडत होती, अत्तर होऊन, वर्तमानपत्र होऊन तिच्यासमोर येऊन बसत होती, आणि ती मात्र वेगळंच वाचत होती. वाचणं हाच तिचा व्यवसाय असून.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम क्वार्टरसमोरच्या मोकळ्या जागेत ठेवला होता. कापडी मांडव, सतरंज्या, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या पायाशी मेणबत्त्या आणि बाजूला हार घातलेला बाबांचा फोटो. इस्त्रीचा सदरा, वरचं बटण लावलेलं. त्रिसरण-पंचशील झालं. मग नायब तहसीलदार व्यंकटराव बोलायला उठले. टंचाईच्या जीपमध्ये बाबांच्या शेजारी बसणारे ते. माणूस सरळ होता, गहिवरून बोलत होता. “साहेबरावांचं काय सांगू?” ते म्हणाले. “आमच्यात मस्करी चालायची. मी म्हणायचो, साहेबराव, तुमी उंटाच्या जातीचे का काय? दिवसभराचा दौरा, वरून आग बरसून राहिलेली, गावोगाव लोकं पाणी घेऊन येत, आन ह्यो मानूस व्हट वले करायचा न्हाई. म्हणायचे, व्यंकटराव, हितं लेकरायला पाणी न्हाई, आपुन कसं प्यावं? आपल्या वाट्याचं पाणी बी त्यांनी गोरगरिबाला सोडलं. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या मोठ्या दुष्काळात असा एक मानूस तहानेला राहिला, म्हणून आपली लेकरं पाणी पेली. हा त्याग हाय! तहानेचा त्याग!” मांडवात “साधू, साधू, साधू” झालं. पाठीमागच्या बायकांनी डोळे पुसले. दगडोबानं मान ताठ केली. मायनं मान खाली घातली. भीमाशंकर सतरंजीचा दोरा उसवत होता. तिघांनाही ही गोष्ट सोयीची होती, पंचशीलाला दिसलं. बाबांनाही झाली असती. ती पुढं दरवर्षी सांगितली जाईल, मोठी होत जाईल, कचेरीत एखादा रांजणही बसेल त्यांच्या नावाचा. आणि बंद दुकानाच्या फळीवर उन्हात बसून राहिलेला माणूस, तिच्या गिलासाकडे तसं बघणारा माणूस, कधी नव्हताच असं होईल. त्याला आधी शरीरानं फसवलं, मग चुकीच्या जागी कापणाऱ्यानं. आता शेवटी हे हार घालणारेही फसवत होते, प्रेमानं. त्याची तहानसुद्धा त्याची उरू देत नव्हते.

“ताईंनी दोन शब्द बोलावेत,” कुणीतरी म्हणालं. माईक तिच्याकडे आला. ती उठताना मायनं तिच्या पदराचं टोक धरलं. मायला कळलं होतं. “नको गं माय,” ती पुटपुटली. “मेल्या मान्साचं झाकून ठेवावं.” पदर ताणला गेला. पंचशीला वाकून आईच्या कानाशी म्हणाली, “झाकूनच मेले ना ते.” मायनं तिच्याकडे पाहिलं. तिची बोटं एकेक करून सुटली.

माईक कुरकुरला. समोर कचेरीतली माणसं, गावची माणसं, घागरी घेऊन आलेल्या त्या वस्तीतल्या बायका, ज्यांना टँकरमधलं उरलेलं पाणी मग मिळालं होतं. तिचा आवाज पुस्तकाचं नाव वाचून दाखवावं तसा निघाला.

“व्यंकटकाका म्हणाले ते खरं नाही. बाबांनी पाण्याचा त्याग केला नव्हता. त्यांना खूप तहान लागायची. त्यांच्या पाठीच्या मणक्यात क्षय होता, त्यामुळं त्यांना लघवी आवरत नव्हती, झालेली कळत नव्हती. त्यासाठी पोटावर भोक पाडून नळी घातली होती. कपडे ओले होतील, वास येईल, म्हणून ते पाणी पीत नव्हते. पाणी प्यायले असते तर कदाचित आज असते. तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल, तुमच्या घरात कुणी खुर्चीवर कागद घालून बसत असेल, तर त्याला विचारा. गाठ म्हणून कापू देऊ नका. पाठ दाखवा.”

कुणी “साधू” म्हणालं नाही. मागं टाकलेल्या बाकावरून एक म्हातारा जरा उठला, आणि पुन्हा तसाच, काठावर बसला. व्यंकटरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिला वाटलं आता संपलं, माईक खाली ठेवावा. पण तिची मान फोटोकडे वळली. वरचं बटण लावलेलं. नजर थोडी बाजूला, फोटोग्राफरच्या मागं कुठंतरी. माईक तोंडाशीच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

“बाबा, तुम्ही माझ्या घरी पाणी प्यायला नाहीत, त्याचा मला फार राग आला होता,” ती म्हणाली. “का ते आता कळलं. राग अजून आहे.”